आग्नेयेकडची छत्री

दसरा उलटला, की बालाघाटच्या डोंगररांगांतील गावे हळूहळू रिकामी होऊ लागतात. बीड शहरातून सोलापूरकडे जाणारा महामार्ग पाली गावावरून पुढे मांजरसुंब्याच्या घाटाकडे वळतो. दिवाळीच्या मागेपुढे या रस्त्यावर माणसांनी व सामानाने गच्च भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर घाट चढताना दिसतात. पालीजवळ बिंदुसरा नदीवर धरण आहे. पावसाळ्याच्या शेवटी ते काठोकाठ भरलेले पाहिले, म्हणजे परक्या माणसास वाटते, की येथील लोकांनी पोटासाठी गाव सोडण्याचे काय कारण? परंतु डोंगरउतारावरची जमीन हलकी असते. पाऊस एखाद्या वर्षी येतो, एखाद्या वर्षी पाठ फिरवतो. धरणाचे पाणीही प्रत्येक शिवाराच्या वाट्याला येत नाही. म्हणून या भागातील हजारो कुटुंबे सुगी आटोपताच ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. कोणी सांगली-कोल्हापुराकडे जातो, कोणी पुणे-साताऱ्याकडे, तर कोणी थेट कर्नाटकात. साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने, उसाच्या फडाजवळची मोकळी जागा हेच त्यांचे गाव होते.

सहा महिन्यांचा संसार एका वाहनात बसवणे ही सोपी गोष्ट नव्हे. ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, घागरी, तवा, अंथरुणे, कोयते, खुराड्यातील चार कोंबड्या आणि या सर्वांच्या वर बसलेली मुले, असे ते चालते घर असते. अलीकडे या सामानात आणखी एक वस्तू दिसू लागली आहे. पोत्यांच्या मधोमध, गोधडीत गुंडाळून, तान्ह्या मुलाला जपावे तशी जपलेली ती वस्तू म्हणजे दूरदर्शन संचाची गोल ताटली. गावोगावी तिला ‘छत्री’ म्हणतात. ही छत्री ऊन अडवीत नाही, पाऊसही अडवीत नाही. आकाशातून येणारी एक न दिसणारी गोष्ट मात्र ती झेलते. म्हणून तिला हे नाव कोणी दिले असेल, त्याचे कौतुक वाटते.

पालीच्या बाजूच्या अशाच एका कुटुंबाची छत्री कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यातील एका तळावर गेली होती. तळ म्हणजे कोप्यांची वस्ती. बांबूच्या कामट्या वाकवाव्यात, त्यांवर ताडपत्री वा उसाचे पाचट घालावे, की कोपी तयार होते. आत माणसाला ताठ उभे राहता येत नाही. वीज नाही, नळ नाही. पहाटे तीन-चार वाजता थंडीत कुडकुडत नवरा-बायकोची जोडी फडात जाते. या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाची मोजणी त्याच्या हत्यारावरून करणारा हा व्यवसाय किती कष्टाचा आहे, हे त्या एका शब्दावरून समजते. पुरुष ऊस तोडतो, बाई मोळ्या बांधते, आणि त्या डोक्यावर घेऊन दोघे वाहन भरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत या कामाला खंड नसतो.

दिवसा तळावर उरतात ती म्हातारी माणसे आणि मुले. या कुटुंबात बारा वर्षांची एक मुलगी होती. तिच्याकडे तीन कामे होती: तीन वर्षांच्या भावाला सांभाळणे, पाणी भरून ठेवणे आणि संध्याकाळच्या भाकरीची तयारी करणे. चौथे काम तिने आपण होऊन अंगावर घेतले होते. ते होते छत्री लावण्याचे.

छत्री लावणे म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी थोडे आकाशात पाहिले पाहिजे. १९४५ साली आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने एका मासिकात अशी कल्पना मांडली, की विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एखादे यान फिरत ठेवले, तर ते पृथ्वीबरोबरच फिरेल. पृथ्वीला स्वतःभोवती फिरण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात ते आपली फेरी पूर्ण करील. मग जमिनीवरून पाहणाऱ्यास ते आकाशात एकाच जागी खिळल्यासारखे भासेल. पुढे ही कल्पना खरी ठरली. अशा यानांना भूस्थिर उपग्रह म्हणतात. खरे पाहता ते स्थिर नसतात. दर सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर एवढ्या वेगाने ते धावत असतात. परंतु आपणही पृथ्वीबरोबर फिरत असल्यामुळे त्यांची आणि आपली संगत कधी सुटत नाही.

ऊसतोड कामगारांच्या तळावरील बहुतेक छत्र्या ज्याच्याकडे तोंड करून असतात, त्या उपग्रहाचे नाव जीसॅट-१५ असे आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने तयार केलेला हा उपग्रह ११ नोव्हेंबर २०१५ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियाना येथून आकाशात सोडण्यात आला. ज्या वाहिन्यांना दरमहा पैसे भरावे लागत नाहीत, त्या दूरदर्शनच्या मोफत सेवेतून याच उपग्रहामार्फत घरोघरी पोहोचतात. त्याचे स्थान ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. नकाशा उघडून निकोबार बेटांपासून बोट सरळ दक्षिणेकडे विषुववृत्तापर्यंत न्यावे. सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस, अथांग समुद्रावर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर तो आहे. पृथ्वीला एक पूर्ण वेढा घालण्यास जेवढे अंतर चालावे लागेल, त्याहून थोडेसेच कमी अंतर तेथवर आहे. एवढ्या दुरून येणारा क्षीण संदेश दोन फूट रुंदीची ताटली गोळा करते, आणि आपल्यासमोरच्या दांडीवर बसवलेल्या लहानशा ग्राहकाकडे परतवते. तेथून तो तारेने कोपीतील डब्यात आणि डब्यातून पडद्यावर जातो.

आता हे उघड आहे, की छत्रीचे तोंड त्या एका जागेकडेच असले पाहिजे. दोन-तीन अंशांची चूक झाली, तरी चित्र नाहीसे होते. घर पक्के असेल, तर शहरातून कारागीर येतो, भिंतीवर छत्री ठोकतो आणि निघून जातो. पुढे वर्षानुवर्षे तिला कोणी हात लावीत नाही. परंतु ज्याचे घरच दर काही आठवड्यांनी हलते, त्याला दिशा पुन्हा पुन्हा शोधावी लागते. एका गावचा फड संपला, की टोळी दुसऱ्या गावी जाते. कोप्या मोडतात आणि नव्या उभ्या राहतात. छत्रीही उपटली जाते व नव्या मातीत रोवली जाते.

त्या मुलीच्या कोपीवर प्रथम छत्री लावली, तेव्हा दोन संध्याकाळी वाया गेल्या. एकजण छत्री फिरवीत होता, दुसरा कोपीच्या दाराशी उभा होता आणि तिसरा आतून ओरडत होता. “आलं का?” “न्हाई!” “आता?” “आलं, आलं... गेलं!” अशी आरडाओरड चालली होती. प्रत्येक जण छत्रीला हिसका देई, आणि प्रत्येक हिसक्यासरशी चित्र अधिकच दूर जाई. शेवटी कोणाच्या तरी हातून ती योगायोगाने बरोबर जागी आली. मंडळी आनंदाने पडद्यासमोर जाऊन बसली आणि कशामुळे साधले, याचा विचार करण्याची कोणास गरज वाटली नाही.

गरज वाटली ती त्या मुलीला. डिसेंबर महिना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाला उन्हात बसवून ती छत्रीजवळ उभी होती. साडेनऊचा सुमार असेल. ज्या लोखंडी नळीवर छत्री बसवली होती, त्या नळीची सावली छत्रीच्या बरोबर पाठीमागे पडली होती. छत्रीचे तोंड एका बाजूस आणि सावलीचे टोक तिच्या नेमके उलट बाजूस. याचा अर्थ या वेळी सूर्य ज्या दिशेला आहे, त्याच दिशेला छत्री पाहत आहे. तिने कोयत्याच्या टोकाने सावलीवर रेघ ओढली आणि मोबाइलवरची वेळ लक्षात ठेवली. पुढचे चार दिवस ती त्या वेळी तेथे जाऊन उभी राहिली. सावली रोज त्याच रेघेवर आली.

तिच्या हाती एक नियम लागला होता. तिला त्या दिशेचे नाव शाळेत शिकवलेले आठवले. पूर्व आणि दक्षिण यांच्या मधली ती आग्नेय. पालीहून पाहिले, तर हा उपग्रह जवळजवळ अचूक आग्नेयेस आहे. कृष्णाकाठी तो त्याहून सुमारे पाच अंश पूर्वेकडे सरकलेला दिसतो. तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून माणसाचे गाव, शेजार, पाणी, सगळे बदलते. आकाशातील त्या जागेचा फरक मात्र एवढाच पडतो. क्षितिजापासूनची तिची उंची तर दोन्ही ठिकाणी सारखीच, सुमारे साठ अंश. म्हणून छत्रीच्या मागचा, चढ-उतार ठरवणारा खिळा एकदा नीट आवळला, की तो तळ बदलताना ढिला करण्याचे कारणच नाही. ही गोष्टही मुलीने अनुभवाने ताडली. तिने त्या ठिकाणी चुन्याची एक खूण केली आणि बापाला बजावले, “दादा, इथं पाना लावायचा न्हाई. फक्त नळी फिरवायची.”

जानेवारीत टोळी दुसऱ्या गावी गेली. मोठी माणसे कोप्या उभारण्यात गुंतली होती. मुलीने एका काकांकडून पहारीने खड्डा काढून घेतला आणि नळी रोवली. सुताला दगड बांधून तिने ओळंबा केला आणि नळी चारी बाजूंनी सरळ आहे की नाही, हे पाहिले, कारण नळीच कललेली असेल, तर वरचे सगळे गणित चुकते. मग ती सूर्याची वाट पाहत बसली. साडेनऊच्या सुमारास सावलीवर रेघ ओढून तिने छत्रीची पाठ त्या रेघेकडे केली. नंतर कोपीत जाऊन पडद्यावरच्या दोन पट्ट्या पाहिल्या. पहिली पट्टी बरेचदा नुसती तार जोडल्यानेही भरते. तिच्यावर विश्वासून चालत नाही. दुसरी पट्टी भरली, तरच संदेश खरा. ती अजून रिकामी होती.

येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. मुलीने छत्री बोटभर डावीकडे सरकवली आणि हात काढून घेऊन पाचपर्यंत आकडे मोजले, कारण डब्याला संदेश ओळखण्यास काही क्षण लागतात. घाईने फिरवले, तर बरोबर जागा येऊन निघूनही जाते आणि कळत नाही. ती पुन्हा बोटभर सरकली, पुन्हा थांबली. चौथ्या वेळी दुसरी पट्टी अर्ध्यावर चढली. आणखी केसभर हलवताच ती भरली आणि पडद्यावर सह्याद्री वाहिनी दिसू लागली. दोन संध्याकाळींचे काम अर्ध्या तासात झाले होते. शेजारच्या कोप्यांतील तीन छत्र्याही त्या दिवशी तिनेच लावल्या. कोणी तिला मूठभर शेंगदाणे दिले, कोणी गूळ दिला. मुकादम म्हणाला, “पोरगी हुशार दिसते.” आणि तो आपल्या कामाला निघून गेला.

अवकाश आणि मातीतले कष्ट यांचा काही संबंध नसतो, असे एखाद्याला वाटेल. भारताचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९७५-७६ या वर्षात एका अमेरिकी उपग्रहाच्या साह्याने भारतातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्यात आले. त्या वेळच्या छत्र्या तारेच्या जाळीच्या आणि दहा फूट रुंद होत्या. वीज नसलेल्या खेड्यांत संच बॅटरीवर चालत. पुढे १९ जून १९८१ रोजी ‘ॲपल’ हा भारताचा पहिला प्रायोगिक भूस्थिर दळणवळण उपग्रह आकाशात गेला. त्यापूर्वी त्याची एक चाचणी अशा मोकळ्या जागी घ्यावयाची होती, जेथे भोवतालच्या धातूंचा अडथळा होणार नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी तो उपग्रह लाकडी बैलगाडीवर ठेवला. त्या बैलगाडीचे छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे. ज्या गाडीने शेतकरी ऊस वाहतो, तशाच एका गाडीने आकाशात जाणाऱ्या यानाची सेवा केली.

त्या मुलीला हे ठाऊक नव्हते. तिला ठाऊक व्हावे, अशी सोयही तळावर नव्हती. खरा प्रश्न आहे तो येथेच. कोपीपर्यंत आकाश पोहोचले होते, शाळा पोहोचली नव्हती. तळापासून सर्वांत जवळची शाळा दोन मैलांवर होती, आणि सोबत तीन वर्षांचा भाऊ होता. वर्षाच्या मध्येच येऊन वर्षाच्या मध्येच निघून जाणाऱ्या मुलांना त्या शाळेतही आपलेपणा वाटत नसे. पालीकडच्या शाळेच्या हजेरीपटावर मुलीचे नाव होते, पण त्यापुढचे रकाने दिवाळीपासून रिकामे होते.

छत्रीने तिला काहीच शिकवले नाही, असे म्हणता येणार नाही. २०२० साली करोनाच्या साथीमुळे सर्व शाळा बंद झाल्या, तेव्हा २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ नावाची मालिका सुरू झाली होती. पहिलीपासून आठवीपर्यंतच्या मुलांसाठी ती होती. त्या पावसाळ्यात ही मुलगी लहान होती. याच छत्रीखाली, आजीच्या शेजारी बसून, तिने पानाफुलांचे आणि मोजमापांचे कितीतरी पाठ पाहिले होते. दूरदर्शन संच घरात करमणुकीसाठी आला होता, आणि आणीबाणीच्या वेळी तो तिचा गुरुजी झाला होता. म्हणूनच तिला छत्रीविषयी एवढी माया असावी.

परंतु त्या गुरुजीत एक उणीव होती. तो बोलत असे, त्याला विचारता येत नसे. मार्चच्या मध्याच्या सुमारास एके दिवशी सव्वाअकराच्या आसपास चालू असलेले चित्र एकाएकी तुटले, विरले आणि पडदा काळा झाला. वारा नव्हता, ढग नव्हता, छत्री जागची हललेली नव्हती. काही मिनिटांनी चित्र आपोआप परत आले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तसेच झाले. तिसऱ्या दिवशी मुलगी बाहेर जाऊन उभी राहिली. दांडीवरच्या ग्राहकाची सावली ताटलीवर पडली होती. नळीची सावली या वेळी आखूड होती, पण ती छत्रीच्या बरोबर पाठीमागे होती. सूर्य काही तरी करीत आहे, एवढे तिला कळले. काय करीत आहे, ते कळेना. तिने बापाला विचारले. तो म्हणाला, “डबा तापला असंल.” मुकादमाला विचारले, तर तो हसला. आई दिवसभराच्या मोळ्यांनी थकून आली होती. तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती भाकरीच्या तुकड्यासह तशीच डोळे मिटून बसली. प्रश्न मुलीपाशीच राहिला.

एप्रिलअखेर पट्टा पडला. कुटुंब गावी परतले. परीक्षा होऊन गेल्या होत्या. तरीही दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत गेली आणि निकालपत्रके लिहीत बसलेल्या बाईंना तिने पहिला प्रश्न केला तो छत्रीचा. बाईंनी लेखणी खाली ठेवली. त्यांनी फळ्यावर पृथ्वी काढली, उपग्रह काढला आणि त्याच्या मागे सूर्य काढला. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या आरंभी, काही दिवस असे येतात, की भारतातून पाहता सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. सूर्यापासून प्रकाश येतो, तशा रेडिओलहरीही येतात. त्यांच्या गोंगाटात उपग्रहाचा बारीक आवाज बुडून जातो. सूर्य पुढे सरकला, की तो पुन्हा ऐकू येतो. बाई म्हणाल्या, “म्हणजे तुझी छत्री अगदी अचूक लागली होती, याची सूर्यानेच साक्ष दिली.”

मुलगी बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, “बाई, मी दिवाळीनंतर इथंच राहिले, तर असं सगळं शिकवाल?”

बाई त्या संध्याकाळी तिच्या घरी गेल्या. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते, हे त्यांनी समजावून सांगितले. मुलाने आजी-आजोबांजवळ वा नातलगांकडे राहावे आणि दोन्ही वेळचे जेवण त्याला शाळेच्या व्यवस्थेतून मिळावे, अशी ती योजना. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजनाही मंजूर केली. सोय कागदावर सोपी दिसते. परंतु त्या घरापुढे प्रश्न होता तो निराळा. मुलगी गावी राहिली, तर लहानग्याला कोण सांभाळणार? पाणी कोण भरणार? आईला त्याला पाठुंगळी घेऊन फडात जावे लागणार, उसाच्या पाचटावर निजवावे लागणार आणि मोळी बांधताना दर घटकेस मान वळवून पाहावे लागणार. बाप काही बोलला नाही. आजी म्हणाली, “मी आहे की पोरीपाशी.” आईने पुष्कळ वेळ विचार केला. मग ती एवढेच म्हणाली, “माझी शाळा चौथीत सुटली, ती कोपीतच. हिची नको सुटायला.”

त्या वर्षी दसऱ्यानंतर ट्रक भरला, तेव्हा गोधडीत गुंडाळलेली छत्री मुलीनेच वर चढवून दिली. खिळ्यावरची चुन्याची खूण तिने पुन्हा ठळक केली होती. ट्रक मांजरसुंब्याच्या घाटाकडे वळेपर्यंत आजी आणि नात रस्त्यावर उभ्या होत्या.

डिसेंबरात तळ हलला. नव्या जागी सर्वांनी छत्री फिरवून पाहिली आणि नेहमीप्रमाणे कंटाळून सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचा मोबाइल वाजला. शाळेची घंटा होण्यास थोडा वेळ होता. मुलगी दप्तर खांद्याला लावून उंबऱ्यात बसली होती.

“चित्र येईना बघ,” आई म्हणाली. “तुझा भाऊ रडायलाय.”

“माय, दादाला फिरवू देऊ नको. तूच लाव. नळी सरळ आहे का? सुताला दगड बांधून बघ.”

“बघितलं. सरळ आहे.”

“आता किती वाजले?”

“साडेनऊ व्हायलेत.”

“नळीची सावली कुठं पडली, तिथं कोयत्यानं रेघ ओढ. छत्रीची पाठ त्या रेघेकडं कर. आता बोटभर सरकव, हात काढ, पाच मोज. घाई करू नको.”

तिकडून आकडे मोजल्याचा आवाज येऊ लागला. एक, दोन, तीन, चार, पाच. मग पुन्हा पहिल्यापासून. आई पहिल्यांदाच छत्रीला हात लावीत होती. इकडे मुलगी डोळे मिटून ऐकत होती, जणू काही तीनशे किलोमीटर दूरची ती नळी तिच्याच हातात होती. चौथ्यांदा मोजणी झाली, पाचव्यांदा झाली आणि एकाएकी मोबाइलमधून लहानग्या भावाची आनंदाची किंकाळी ऐकू आली.

“आलं,” आई म्हणाली. मग थोडे थांबून तिने विचारले, “ही कुठली गं दिशा?”

“आग्नेय, माय.”

“आग्नेय,” आईने तो शब्द सावकाश उच्चारून पाहिला. “बरं. जा आता, शाळेला उशीर होईल.”

घंटा झाली, तेव्हा मुलगी रस्त्याला लागली होती. कृष्णाकाठी आई पुन्हा कोप्या बांधण्याच्या कामाला लागली. जाण्यापूर्वी तिने नळीभोवती माती घट्ट दाबली आणि सावली सरकून गेली होती, तरी जमिनीवरची ती रेघ कोणी पुसू नये, म्हणून तिच्यावर दोन्ही टोकांना एकेक दगड ठेवला.